उत्तर ‘नाही’ आलं, पुढे काय?

(कोपरगाव येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांच्या तपासणीचे कागदी तक्ते जाऊन त्यांच्या जागी मोबाइल येतो आहे. तो कसा यावा आणि कोणाच्या कामी यावा, हा आजचा विषय आहे. मुंबई-पुण्याच्या सभागृहातला हा विषय कोपरगावात कशाला, असं कोणाला वाटेल. मला वाटतं, त्याची खरी परीक्षा इथेच होते, कारण इथे ऊस आहे.

दिवाळी सरली की आपल्या तालुक्यात ऊसतोडणीच्या टोळ्या उतरतात. कोळपेवाडीचा कर्मवीर शंकरराव काळे कारखाना असो की सहजानंदनगरचा सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे कारखाना, मराठवाड्यातून आणि आपल्याच जिल्ह्याच्या पाथर्डीच्या पट्ट्यातून माणसं येतात, कोप्या, म्हणजे त्यांच्या तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात, पहाटेच्या अंधारात कोयते फडात जातात. माणसांबरोबर मुलंही येतात. त्यांतलं एक चार वर्षांचं मूल डोळ्यांसमोर आणा. पाठीमागून हाक मारली तर ते वळत नाही. गावच्या अंगणवाडीताईंनी हे पावसाळ्यात हेरलं, वहीत लिहिलं. आरोग्य पथक आलं, डॉक्टरांनी कान तपासले आणि जिल्हा रुग्णालयात श्रवणचाचणीला जाण्याची चिठ्ठी दिली. चाचणीची तारीख पडली हंगामात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली होती, गाडी भरायची होती, कुटुंब इकडे निघून आलं. वही गावच्या कपाटात राहिली. इथे या मुलाला कमी ऐकू येतं हे कोणालाच ठाऊक नाही. वैशाखात ते परत जाईल, ताई विचारतील, “जाऊन आलात का?” आई म्हणेल, “नाही.” ताई ‘नाही’ लिहितील. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. शब्द कानावर पडून भाषा येण्याची वर्षं म्हणजे हीच वर्षं. ती दोन हंगामांत संपतात.

या मुलाच्या बाबतीत कोणी काम चुकवलेलं नाही. ताईंनी पाहिलं, डॉक्टरांनी लिहिलं, आईनेही काही लपवलं नाही. तरी मदत पोचली नाही. आज मी बोलणार आहे ते मूल हेरणं आणि त्याला मदत पोचणं या दोहोंमधल्या अंतराबद्दल.

मी नोकरीची वर्षं विशेष शिक्षिका म्हणून काढली, आणि अलीकडे तपासणीची ॲप बनवणाऱ्या तरुण मंडळींबरोबर बसते. त्या दोन्ही जागांवरून जे दिसलं ते सांगते.

तपासणी शिबिरात आई येते तेव्हा तिच्या हातात एक पिशवी असते. बहुतेक वेळा कापडदुकानाची, प्लॅस्टिकची. तिच्यातून कागद निघत जातात. पाण्याने फुगलेलं माता-बाल संरक्षण कार्ड, खासगी दवाखान्याची चिठ्ठी, सरकारी दवाखान्याचा केसपेपर, एक्स-रेचं पाकीट, मागच्या शिबिराची पावती, आधारच्या तीन-चार झेरॉक्स. कुठला कागद लागेल हे माहीत नसल्यामुळे ती सगळेच टेबलावर मांडते. टेबलामागचा माणूस मात्र कोरा फॉर्म घेतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. बाळंतपण कुठे झालं? जन्मल्यावर मूल लगेच रडलं का? वजन किती होतं? मान कधी धरली? बसायला कधी लागलं? ही उत्तरं तिने अंगणवाडीत दिलेली असतात, पथकाला दिलेली असतात, शाळेत दिलेली असतात, रुग्णालयातही दिलेली असतात. इतक्या वेळा सांगितल्यावर महिने इकडचे तिकडे होतात आणि चुकलेला महिना फॉर्मवर कायमचा बसतो. ‘लगेच रडलं का’ या प्रश्नाला काही आया उत्तर देण्याआधी थांबतात. ती रात्र त्यांच्यासमोर उभी राहते. प्रत्येक नव्या टेबलावर आईला पुन्हा त्या रात्रीत नेऊन सोडायचं, हे मला क्रूर वाटतं. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागू नये, एवढ्यासाठी जरी मोबाइल आला तरी मी त्याचं स्वागत करीन. कागद जावेत असं मला वाटतं, त्याचं सर्वांत मोठं कारण हेच.

कागद इतके का झाले, तेही पाहू. आपल्याकडे योजना कमी नाहीत. एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. अंगणवाडीताईंना 11 नोंदवह्या ठेवाव्या लागत, त्यांतली एक संदर्भसेवेची, म्हणजे कोणत्या मुलाला पुढे कुठे पाठवलं याची. 2013 च्या फेब्रुवारीत पालघरमधून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशभर सुरू झाला. जन्मतःचे दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार अंगांनी जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातांवरून 21 केले आणि अशी मुलं शोधण्यासाठी शाळकरी मुलांची दर पाच वर्षांनी पाहणी करण्याचं बंधन घातलं. एनसीईआरटीने 2022 मध्ये शाळांसाठी ‘प्रशस्त’ नावाचं ॲप काढलं. त्यात आधी वर्गशिक्षकाने आणि नंतर विशेष शिक्षकाने निरीक्षण नोंदवायचं असतं. नोव्हेंबर 2023 मध्ये दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धती जाहीर झाली. म्हणजे मूल शोधण्याची सोय महिला-बालविकासाकडे आहे, आरोग्याकडे आहे, शिक्षणाकडे आहे, दिव्यांग कल्याणाकडेही आहे. प्रत्येकाने आपापला कागद केला आणि आता प्रत्येक जण आपापलं ॲप करतो आहे. चार कागदांची चार ॲप झाली तर आईची पिशवी तेवढी हलकी होईल, प्रश्न तेच राहतील.

फोन हातात देऊन काम होत नाही, हे महाराष्ट्राने एकदा अनुभवलेलं आहे. 2018 मध्ये पोषण अभियान सुरू झालं, त्याबरोबर अंगणवाडीताईंना नोंदीसाठी स्मार्टफोन देण्याचं धोरण आलं. आपल्या राज्यात एक लाखाहून अधिक फोन वाटले गेले. 1 मार्च 2021 पासून जुन्या ॲपच्या जागी पोषण ट्रॅकर आला. हातातले फोन दोन जीबी रॅमचे. ते तापायचे, अडकायचे, दुरुस्तीचा खर्च ताईंच्या गळ्यात पडायचा, आणि नवं ॲप इंग्रजीत. ऑगस्ट 2021 मध्ये राज्यभरच्या ताईंनी आपापल्या प्रकल्प कार्यालयांत जाऊन ते फोन परत केले. मराठीची मागणी मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेली. आज पोषण ट्रॅकर मराठीत आहे, वजन-उंची भरली की मूल कोणत्या श्रेणीत बसतं ते ॲपच काढून देतं, आणि ते चांगलं आहे. पण त्या वेळी वर्तमानपत्रांतून असं चित्र उभं राहिलं की बायकांना तंत्रज्ञान नको आहे. ते खरं नव्हतं. याच ताई सासरमाहेरच्या माणसांशी व्हिडिओवर बोलतात, पैसे फोनवरून पाठवतात. त्यांनी जे परत केलं ते न चालणारं अवजार होतं. बोथट कोयता परत करणाऱ्याला आपण कामचुकार म्हणत नाही.

चांगलं अवजार कसं असतं, याचंही उदाहरण आपल्याच राज्यात आहे, आणि त्यात बॅटरीसुद्धा नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था काढली. 1980 च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या लक्षात आलं की लहान मुलांच्या मृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा फार मोठा आहे. न्यूमोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती. मिनिटाला किती श्वास होतात ते मोजायचं, एका मर्यादेपुढे गेले तर औषध सुरू करायचं. अडचण अशी की गावातल्या दाया आणि अनेक बायकांना पन्नास-साठपर्यंत मोजता येत नव्हतं. कोणी दुसरा असता तर म्हणाला असता, आधी या बायकांना अंक शिकवा. बंगांनी अवजार बदललं. लाकडी पट्टीवर मिनिटाची वाळूची घडी बसवली आणि मण्यांच्या दोन ओळी, एक दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. दहापर्यंत तर सगळ्यांनाच मोजता येतं. ओळीच्या शेवटी लाल मणी. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया.

मी ॲप बनवणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी या पट्टीबद्दल, म्हणजे ‘ब्रेथ काउंटर’बद्दल, सांगते. त्यात काय काय आहे ते बघा. विचारलेली गोष्ट एकच आहे. ती मोजणाऱ्या बाईला जे येतं तेवढ्यावरच उभी आहे. उत्तर मिनिटात मिळतं, ते तिलाच मिळतं, आणि बाळाच्या आईलाही समोर दिसतं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, लाल मणी सरकला तर काय करायचं हे ठरलेलं आहे आणि औषध गावातच आहे. निदान आणि उपचार यांच्यामध्ये फाइल नाही. आपण जे डिजिटल साधन बनवू ते या लाकडी पट्टीच्या कसोटीला उतरलं पाहिजे.

म्हणून फॉर्म बनवण्याची माझी रीत उलटी आहे. प्रश्नांची यादी समोर आली की प्रत्येक प्रश्नाखाली मी लिहायला लावते, ‘उत्तर ‘नाही’ आलं तर कोण, काय, किती दिवसांत करील?’ हाक मारल्यावर मूल वळतं का? नाही. मग ताईने काय करायचं, पथकातल्या डॉक्टरांनी काय करायचं, चाचणी कुठे, गाडीभाडं कोणाचं, श्रवणयंत्राचं माप कधी? ज्या प्रश्नाखाली हे लिहिता येत नाही तो प्रश्न खोडायचा. माहिती असावी म्हणून विचारलेला प्रश्न आईचा वेळ खातो आणि तिच्या मनात अशी आशा लावून जातो जी आपण पुरी करणार नसतो. एका तक्त्यात घरातल्या जनावरांची संख्या विचारलेली मी पाहिली आहे. तिचं मुलाच्या चालण्याशी काय नातं, हे तक्ता करणाऱ्यांपैकी कोणालाही सांगता आलं नाही. असे प्रश्न गेले की फॉर्म निम्म्यावर येतो, आणि उरलेल्या निम्म्यामागे काम करणारी माणसं उभी असतात.

दुसरी गोष्ट उत्तराच्या रकान्याची. कागदावर ताईला एक सोय होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. मूल त्या दिवशी तापाने निजलेलं असेल तर ती रकाना कोरा ठेवायची. कोरा रकाना खरं बोलतो. ॲपमध्ये प्रश्नापुढे लाल तारा असतो, उत्तर भरल्याशिवाय पुढचं पान उघडतच नाही. दारात आणखी चार बायका थांबलेल्या, पोषण आहाराचं वाटप व्हायचं. ताई ‘हो’ दाबते आणि पुढे जाते. तो ‘हो’ तालुक्याच्या आकडेवारीत जातो, जिल्ह्याच्या जातो, राज्याच्या जातो, आणि मंत्रालयात कोणीतरी म्हणतं की अमुक तालुक्यात ऐकू न येणारी मुलंच नाहीत. खोटा ‘हो’ भरणारी बाई खोटारडी नसते, तिला तिथे ढकललेलं असतं. प्रत्येक प्रश्नाला ‘आज पाहता आलं नाही’ असं उत्तर हवं, आणि ते दिल्यावर ॲपने तिला आठ दिवसांनी आठवण करावी. एवढ्या एका बटणासाठी मी बैठकांमध्ये भांडले आहे. आकडे अपुरे दिसतील म्हणून ते नको, असं मला सांगण्यात आलं. अपुरे आकडे खरे असतील तर मला चालतात.

तिसरी गोष्ट समासाची. जुन्या तक्त्यांच्या समासात ताईंनी, शिक्षकांनी काहीबाही लिहून ठेवलेलं असे. ‘आजीशी बोलते, बाहेरच्यांशी नाही.’ ‘गाणं लावलं की हात हलवतो.’ ‘जत्रेत हरवला होता, तेव्हापासून.’ मुलाला कसला आधार हवा हे मला अनेकदा छापील रकान्यांपेक्षा या समासातून अधिक कळलं. आजीशी बोलणारी मुलगी मुकी नाही, हे ती एक ओळ सांगते, आणि तिला वाचा-उपचारासाठी अहिल्यानगरच्या शंभर किलोमीटरच्या फेऱ्या करायला लावण्याआधी वर्गात आजीला आठवडाभर बसवून बघावं, हे सुचवते. संगणकाला समास नको असतो, त्याची बेरीज होत नाही. म्हणून ॲपमध्ये समास मुद्दाम ठेवावा लागतो. टंकायला वेळ लागतो, तर ताईने अर्धा मिनिट बोलून ठेवावं, तिच्या स्वतःच्या बोलीत, आणि पुढच्या टेबलावरच्या माणसाने फॉर्म उघडण्याआधी ते ऐकावं.

आता टक्क्यांबद्दल. दिव्यांग ओळखपत्राला, ज्याला आपण यूडीआयडी कार्ड म्हणतो, रंग असतो. 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 79 पिवळं, 80 आणि पुढे निळं. सवलतींसाठी कुठेतरी रेषा लागते, हे मला मान्य आहे. पण टक्के आणि आधाराची गरज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पिवळं कार्ड असलेली दोन मुलं घ्या, टक्केवारी तंतोतंत सारखी. एकाला पुढच्या बाकावर बसवलं आणि मोठ्या अक्षरातलं पुस्तक दिलं की भागतं. दुसऱ्याला शाळेत स्वच्छतागृहापर्यंत नेणारं माणूस मिळालं नाही तर तो दिवसभर पाणी पीत नाही. त्या मुलाची गरज टक्क्यांत कशी लिहाल? 2016 च्या कायद्याने हा फरक ओळखला आहे. जास्त आधाराची गरज असलेल्या व्यक्तीला तो आधार मागण्याची वेगळी वाट 38 व्या कलमात आहे. युनिसेफ आणि वॉशिंग्टन ग्रुपने 2016 मध्ये मुलांसाठी केलेली प्रश्नावलीही याच दिशेने जाते. ती आजाराचं नाव विचारत नाही. दिसायला, ऐकायला, चालायला, लक्षात ठेवायला, मित्र जोडायला किती अडचण येते ते विचारते, आणि उत्तरं चार ठेवते: अडचण नाही, थोडी, खूप, अजिबात जमत नाही. हे कोणाही आईला सांगता येतं. त्याला मी एकच जोड देते, की प्रत्येक अडचणीपुढे ‘कशाने सोपं जातं?’ हेही विचारा. आईने वर्षानुवर्षं शोधून काढलेले उपाय असतात आणि ते कोणत्याही तक्त्यात नसतात.

परदेशातल्या मोजमापांबद्दल बोलताना डॉ. व्ही. व्ही. कामत यांची आठवण ठेवली पाहिजे. बिने यांच्या बुद्धिमापन चाचण्या इकडे जशाच्या तशा वापरता आल्या असत्या. कामतांनी तसं केलं नाही. त्यांनी त्या मराठी आणि कानडी मुलांना देऊन पाहिल्या, कोणत्या वयाला इथलं मूल काय करतं ते मोजलं, प्रश्न बदलले, आणि 1940 मध्ये ते काम पुस्तकरूपाने आलं. बिने-कामत चाचणी त्यानंतर अनेक दशकं आपल्या दवाखान्यांत वापरली गेली. आज एखादं ॲप ‘मूल चमच्याने जेवतं का’ असं विचारतं आणि हाताने नीट जेवणाऱ्या मुलाला मागे टाकतं, तेव्हा कामतांनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी घेतलेले कष्ट आपण विसरलो आहोत, असं मला वाटतं.

मुलांच्या नोंदी संगणकावर नेण्याच्या वाटेवर इंग्लंडने आपल्याआधी ठेचा खाल्ल्या. 2000 मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीचा छळ होऊन मृत्यू झाला. दवाखाना, पोलीस, समाजसेवा खातं, सगळ्यांनी तिला पाहिलं होतं. लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल 2003 मध्ये आला, आणि सरकारने ठरवलं की सगळ्या मुलांची नोंद एका जागी करायची. ‘कॉन्टॅक्टपॉइंट’ नावाची यंत्रणा उभी राहिली आणि 2010 च्या ऑगस्टमध्ये बंद झाली. समाजसेवकांसाठी केलेल्या दुसऱ्या संगणक यंत्रणेबद्दल तक्रारी वाढल्या, की मुलांच्या घरी जायचा वेळ पडद्यासमोर जातो. 2011 मध्ये प्रा. आयलीन मन्रो यांनी सरकारला दिलेल्या अहवालात नियम आणि नोंदी यांखाली दबलेल्या कामाबद्दल लिहिलं आणि माणसाच्या निर्णयाला पुन्हा जागा द्या असं सुचवलं. त्यांच्याकडे पैसा होता, नेटवर्क होतं, प्रशिक्षित माणसं होती. तरी हे झालं.

आपल्याकडे आणखी एक धोका आहे, तो आढाव्याच्या बैठकीतला. ज्या ताईने बारा मुलं हेरली तिला विचारलं जातं, “तुमच्याच गावात एवढी कशी?” जिने एकही हेरलं नाही तिला कोणी काही विचारत नाही. पडद्यावर तालुका लाल दिसू नये म्हणून मग मुलं दिसेनाशी होतात. संगणकावर मोजायचंच असेल तर एक आकडा मोजा: मूल हेरल्यापासून पहिली मदत मिळेपर्यंत किती दिवस गेले. तो आकडा ताईचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. आणि ज्या दिवशी ती मदत मिळेल त्या दिवशी ताईच्या फोनवर निरोप यावा, की तुम्ही पाठवलेल्या मुलाची चाचणी झाली, कानाचं माप घेतलं. आज चिठ्ठी दिल्यावर मुलाचं पुढे काय झालं हे तिला आईनेच सांगितलं तर कळतं. उत्तर कधीच परत येत नाही अशा कामात कोणाचं मन किती वर्षं टिकेल?

गुप्ततेबद्दल थोडक्यात पण ठाम बोलते. कागद फाटतो, भिजतो, हरवतो. मुलाच्या दृष्टीने तो त्याचा एक गुणही होता. दोन वर्षांच्या मुलापुढे ‘विकासात मागे’ असा शिक्का पडला आणि ते मूल पाचव्या वर्षी सगळ्यांच्या बरोबरीला आलं, तर कागद तोवर संपलेला असे. संगणकातला शिक्का संपत नाही. पुढे शाळाप्रवेशाला, लग्नाला, नोकरीला तो आडवा येता कामा नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलाची माहिती घेताना पालकांची खातरजमा केलेली संमती आवश्यक ठरवली आहे. शासनाला त्यात काही सवलती आहेत, पण सवलत आहे म्हणून सभ्यता सोडायची नसते. लहानपणीच्या प्रत्येक निरीक्षणाला मुदत असावी, पुन्हा तपासलं नाही तर ते आपोआप गळून पडावं. नोंद कोणी उघडली हे आईला कळावं. मुलाचा फोटो, घराचा पत्ता, जात या गोष्टी तपासणीच्या फॉर्ममध्ये लागत नाहीत.

आता पुन्हा कोपीकडे येते. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी महाराष्ट्राने काही चांगली पावलं उचलली आहेत. शाळकरी मुलांना शिक्षण हमी पत्रक मिळतं, ते दाखवून नव्या गावच्या शाळेत बसता येतं. महिला-बालविकास विभागाने पालघर, नंदुरबार, जालना, अमरावती, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत पथदर्शी प्रयोग करून 2022 मध्ये स्थलांतरितांचा माग ठेवणारी ऑनलाइन प्रणाली आणली, म्हणजे आहार आणि लसीकरण गाव सुटल्यामुळे तुटू नये. याच वाटेने मुलाच्या आधाराची गरजही गेली पाहिजे. त्यासाठी फार मोठं काही लागत नाही. आईच्या हातात एक जाड, न भिजणारं कार्ड द्यायचं. त्यावर मराठीत तीन ओळी: मुलाला कशात अडचण आहे, कशाने सोपं जातं, पुढची तारीख कोणती. कोपऱ्यात एक क्यूआर कोड, तो अधिकृत ताईच्या, डॉक्टरच्या किंवा शिक्षकाच्याच फोनवर उघडेल. फडात रेंज नसली तरी तीन ओळी वाचता येतील. फोन फुटला, सर्व्हर बंद पडला तरी त्या आईकडे राहतील. मी कागदाच्या विरोधात नाही, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. पुन्हापुन्हा भरावे लागणारे कागद जावेत आणि आईच्या हातातला एक कागद राहावा, असं माझं म्हणणं आहे. आणि पुढची तारीख हंगामात पडत असेल तर ॲपने ती गावाकडच्या रुग्णालयाची न देता मूल असेल तिथल्या, म्हणजे कोपरगावच्या सरकारी रुग्णालयाची द्यावी. ऊसतोडीचे महिने सगळ्यांना माहीत आहेत, ते संगणकाला सांगणं अवघड नाही.

संजीवनीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले, सोमैया आणि सद्गुरू गंगागीर महाराज महाविद्यालयातले काही विद्यार्थी समोर दिसत आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांना ॲप लिहिता येतं. माझी तुम्हाला विनंती आहे, की एक ओळ लिहिण्याआधी एक पूर्ण दिवस अंगणवाडीताईंबरोबर काढा, आणि एक दिवस कोप्यांवर. ताईच्या एका हातात मूल असतं, तेव्हा ती फोन कसा धरते, ते बघा. दुपारच्या उन्हात पडद्यावरचं काय दिसतं आणि काय नाही, ते बघा. तुमचा पहिला नमुना कागदावर काढा आणि तिच्या हातात द्या. तिने खोडलेलं ऐका.

आणि कोपरगावकरांना माझं एक आवाहन आहे. कारखान्याच्या गट कार्यालयात टोळ्यांची यादी असते. मुकादमाचं नाव, गाव, कोयते किती, गाड्या किती. त्या यादीला या वर्षी एक रकाना जोडा: सहा वर्षांखालची मुलं किती, आणि त्यांपैकी कोणाला ऐकण्यात, पाहण्यात, चालण्यात, बोलण्यात अडचण आहे. दोन्ही कारखाने, पंचायत समितीचं गट साधन केंद्र, बालविकास प्रकल्प, सरकारी रुग्णालय आणि गावातले खासगी डॉक्टर यांनी गाळप सुरू होण्याआधी एकत्र बसावं आणि त्या रकान्यात नाव आलं तर कोण, काय, किती दिवसांत करील ते लिहून ठेवावं. ॲप नंतर येईल. ती बैठक दिवाळीआधी बोलवा. निरोप आला की मी येईन.